वरची पायरी कुणाची?

आमच्या सूतगिरणीत गेल्या पावसाळ्यात एक साहेब आले होते. ट्रेनिंग द्यायला. पहिली पाळी सुटली न् सुटली तोच आम्हाला कॅन्टीनमधे बसवलं. भिंतीवर एक चित्र टाकलं. त्रिकोण. तळाला लिहिलेलं 'डेटा', म्हणजे कच्चे आकडे. त्याच्यावर 'माहिती'. त्याच्यावर 'ज्ञान'. अन् शेंड्यावर, जिथं एकच माणूस उभा राहील एवढ्याशा जागेत, 'शहाणपण'. साहेब समजावून सांगत होते. तुम्ही साच्यावर जे आकडे भरता तो तळ. ऑफिसात गेल्यावर त्यांची माहिती होते, मॅनेजरकडे तिचं ज्ञान होतं, अन् वरचे लोक शहाणपणानं निर्णय घेतात.

माझ्या शेजारचा डॉफर हळूच म्हणाला, "म्हंजे आपण पायाचे." तो हसला. मला हसू आलं नाही. पायापासून कोण जन्मले न् डोक्यापासून कोण, ती गोष्ट या देशात जुनी आहे. अन् आपण तर त्या देहाच्याही बाहेर टाकलेले.

मित्रांनो, आपण कथा-कवितेची समीक्षा करतो. प्रस्थापितांच्या कादंबऱ्या सोलून काढतो. मी म्हणतो हा त्रिकोणही एक कृतीच आहे. त्यात पात्रं आहेत, नायक आहे, अन् लेखक पडद्याआड बसलेला आहे. तेव्हा त्याचीही समीक्षा झाली पाहिजे. ती मी इथं करतोय. मी कॉलेजात गेलेलो नाही. जे वाचलं ते रात्रपाळीच्या आधी न् नंतर वाचलं. चुकलं तर हाणा, पण वाचून हाणा.

(१)

हा त्रिकोण आकाशातून पडलेला नाही. रसेल अॅकॉफ नावाचे अमेरिकेतले व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १९८९ साली एक लेख छापला आणि त्यात ही उतरंड मांडली. गंमत अशी की त्यांच्या उतरंडीत पाच पायऱ्या होत्या. ज्ञान आणि शहाणपण यांच्यामधे त्यांनी एक पायरी ठेवली होती, 'समज'. म्हणजे एखादी गोष्ट 'का' होते ते कळणं. आज कंपन्यांच्या भिंतींवर दिसणाऱ्या चित्रांत ती पायरी बहुतेक ठिकाणी गळालेली असते. आमच्या साहेबांच्या चित्रातही नव्हती. 'काय' आणि 'किती' राहिलं, 'का' गेलं. कामगारानं 'का' विचारलं की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्याच्याही आधी, १९३४ साली, टी. एस. एलियट या कवीनं 'द रॉक' नावाच्या नाट्यात हाच सूर लावला होता. शहाणपण हरवलं, ज्ञान हरवलं, उरली ती माहिती, असं त्याचं दुःख. ते नाट्य लंडनमधल्या चर्चच्या बांधकामाला पैसे जमवण्यासाठी लिहिलेलं होतं. त्याच्या दुःखाला मी खोटं म्हणत नाही. पण ते पोट भरलेल्याचं दुःख आहे. ज्याच्या घरात दहा पिढ्या पुस्तकं आहेत तो म्हणू शकतो की माहितीचा कंटाळा आला. ज्याच्या बापाला स्वतःच्या पगारपत्रकावरचा आकडा वाचता आला नाही, त्यानं हा कंटाळा कुठून आणायचा? आपल्याला माहिती कधी जास्त झालीच नाही, ती अडवली गेली. गौतम धर्मसूत्रात लिहून ठेवलंय, शूद्रानं वेद ऐकला तर त्याच्या कानात तापलेलं शिसं किंवा लाख ओतावी. म्हणजे त्यांनाही माहीत होतं की माहिती ही तळाची, किरकोळ गोष्ट नाही. किरकोळ असती तर एवढं शिसं कशाला वाया घालवलं असतं?

अन् ज्यांनी ती अडवली त्यांनी स्वतः तिचं काय केलं? वेद पाठ केले. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ. शब्द पुढून, मागून, जोड्या लावून, एक मात्रा हलू नये म्हणून. स्मरणशक्तीचं काम म्हणून ते मोठंच आहे, नाकारत नाही. पण जे हलू द्यायचं नाही, तपासू द्यायचं नाही, ते ज्ञान कसं? ती तिजोरी झाली. तिजोरी राखणारा श्रीमंत दिसतो, एवढंच.

(२)

आता तुम्ही म्हणाल, ही आपल्याकडची रड. दुसरीकडं बघू.

ग्रीकांकडं जाऊ. अॅरिस्टॉटलनं आपल्या नीतिशास्त्राच्या सहाव्या भागात जाणण्याचे प्रकार वेगळे केले. शास्त्राचं जाणणं वेगळं, कारागिराच्या हाताचं जाणणं वेगळं, अन् जगताना नेमकं काय करावं हे कळणारं व्यवहारी शहाणपण वेगळं. वाचताना मला फार आवडलं. इथं हाताला जागा आहे असं वाटलं. मग त्याचाच 'राजनीती' हा ग्रंथ उघडला. पहिल्याच भागात तो म्हणतो की गुलामाकडं विचार करून ठरवण्याची शक्तीच नसते. झालं! शहाणपणाची व्याख्या सुंदर केली अन् दाराला कडी लावली. ज्याच्या श्रमावर अथेन्सचे मोकळे लोक बसून विचार करत होते, त्याला विचाराच्या घरात प्रवेश नाही.

चीनकडं जाऊ. चुआंग त्सु हा तेवीसशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या नावावरच्या ग्रंथात एका चाकं बनवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराची गोष्ट आहे. राजा वर बसून पुस्तक वाचतोय. खाली चाक तासणारा म्हातारा हत्यार खाली ठेवतो न् विचारतो, काय वाचताय? राजा म्हणतो, थोर पुरुषांचे बोल. ते जिवंत आहेत का? नाहीत. मग म्हातारा म्हणतो, तुम्ही चोथा वाचताय. राजा चिडतो. म्हातारा सांगतो, माझंच बघा. घाव जोरात पडला तर चालत नाही, हलका पडला तरी चालत नाही. मधला घाव हाताला कळतो, तोंडानं सांगता येत नाही. माझ्या पोरालाही मी तो शिकवू शकलो नाही, म्हणून सत्तरीतही मीच चाकं करतोय.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. राजासमोर एक कामगार बोलतोय, अन् बरोबर बोलतोय! आमच्या खात्यातल्या म्हाताऱ्या जॉबरचं तसंच आहे. तो साच्याजवळून नुसता चालत गेला तरी आवाजावरून सांगतो, कुठल्या बाजूला काय बिघडतंय.

पण नंतर मला या गोष्टीचा दुसरा पदर दिसला, अन् आपण सगळ्यांनी तो बघितला पाहिजे. हाताचं ज्ञान सांगता येत नाही, ते हातातच राहतं, हे वाक्य जातीच्या बाजूनंही वापरता येतं. 'तुमच्या हाताला कातड्याची जाण आहे, ती तुमच्या रक्तात आहे.' असं गोड बोलूनच आपल्याला आपल्या जागी खिळवून ठेवलंय. आपल्यातलेही काही मित्र हल्ली लिहितात, आमच्या आज्यांचं शहाणपण पुस्तकांपेक्षा मोठं, आम्हाला त्यांची पुस्तकं नकोत. आजीचं शहाणपण मोठं होतं, मान्य. पण आजीला विचारा, तिला वाचायला आलं असतं तर नको होतं का? श्रमाचं गाणं गाऊन श्रमिकाला तिथंच ठेवणं ही बामणी कावाच आहे, मग तो आपल्या हातानं लिहिलेला का असेना.

(३)

मग माहितीचं ज्ञान होतं कसं? मला वाटतं, पायऱ्या चढून नाही. मधे एक दार असतं, अन् दारावर कुणीतरी बसलेलं असतं. दोन उदाहरणं देतो.

पहिलं बॉस्टनचं. १७०६ साली कॉटन मॅदर नावाच्या पाद्र्याला त्याच्या भक्तमंडळींनी एक आफ्रिकी गुलाम भेट दिला. भेट! पाद्र्यानं त्याचं नाव ठेवलं ओनेसिमस, बायबलमधल्या गुलामावरून. त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव काय होतं ते इतिहासात नोंदलेलं नाही. या माणसानं पाद्र्याला सांगितलं की आमच्याकडं देवीच्या फोडातला थोडा पू निरोगी माणसाच्या कातडीत चिरा पाडून घालतात, मग त्याला थोडासा आजार होतो अन् पुन्हा देवी येत नाहीत. हातावरचा व्रणही दाखवला. मॅदरनं बॉस्टनमधल्या दुसऱ्या आफ्रिकी लोकांना विचारलं. तेच उत्तर मिळालं. पुढं तुर्कस्तानातल्या अशाच पद्धतीचा अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीनं छापला. तेव्हा १७१६ साली मॅदरनं सोसायटीला कळवलं की हे मी माझ्या नोकराकडून आधीच ऐकलंय.

१७२१ मधे बॉस्टनमधे देवीची साथ आली. झॅब्डिएल बॉयलस्टन या डॉक्टरनं टोचून बघायचं ठरवलं. पहिल्यांदा कुणाला टोचलं? स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलाला, आपल्या एका गुलामाला अन् त्या गुलामाच्या दोन-अडीच वर्षांच्या पोराला. गाव खवळलं. गावातला पदवी घेतलेला डॉक्टर आफ्रिकी लोकांच्या सांगण्याची टिंगल करू लागला. मॅदरच्या घरात बॉम्ब फेकला गेला. शेवटी हिशेब झाला. साथीत आठशेच्या वर माणसं मेली, आजारी पडलेल्यांत सातांत एक. बॉयलस्टननं टोचलेल्या सुमारे २४० जणांत मेले सहा.

आता त्रिकोण लावून बघा. ओनेसिमसच्या मुलखात ते ज्ञान होतं. नुसतं ज्ञान नाही, किती पू, कुठं चिरा, नंतर काय, ही सगळी समज त्यात होती. तो गुलाम म्हणून जहाजात चढवला गेला अन् त्याच्याबरोबर ते ज्ञान घसरून तळाला आलं. बॉस्टनमधे ती झाली 'एका निग्रोनं सांगितलेली माहिती'. गोष्ट तीच, सांगणाराही तोच, पण त्याची जागा बदलली. मग गोऱ्या हातानं टोचलं, मोजलं, छापलं, अन् ते पुन्हा ज्ञान झालं. मोजणं आवश्यक होतं, ते मी नाकारत नाही. मोजल्याशिवाय खरं-खोटं कळत नाही. पण मोजण्याआधी ज्याचं ऐकलंच जात नाही, त्याचं काय मोजणार?

अन् तो मॅदर? त्यानं ऐकलं, श्रेयही दिलं, हे त्याच्या बाजूनं लिहिलंच पाहिजे. पण याच विद्वान माणसानं तीस वर्षांपूर्वी सेलेममधे चेटकीण म्हणून माणसांना फासावर चढवणाऱ्या खटल्यांची पाठराखण करणारं पुस्तक लिहिलं होतं. अन् शेवटपर्यंत माणसाला मालकीत ठेवणं त्याला खटकलं नाही. म्हणजे विद्या भरपूर होती. शेंडा कुठं होता?

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं कताईखात्यात होती, पण विणकामखात्यात त्यांना घेत नसत. पगार तिथं जास्त. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. अस्पृश्याच्या तोंडचं सूत सवर्ण कामगाराच्या तोंडाला लागेल, म्हणून बंदी. मालकाची नाही हो, सोबतच्या कामगारांची. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला.

इथं माहिती लपलेली नव्हती. माग उघडा होता, दारातून दिसत होता. पण नुसतं बघून विणकर होत नाही. हात लागावा लागतो, चुकावं लागतं, शेजारच्यानं सुधारावं लागतं. माहिती अन् ज्ञान यांच्यामधे काय आडवं आलं? थुंकी. कुठल्या व्यवस्थापनशास्त्राच्या चित्रात ही पायरी दाखवलीय?

आज धोटा तोंडानं ओढायचा नाही. माझ्या साच्यावर आता प्रत्येक चातीवर डोळा बसवलाय, धागा तुटला की लाल दिवा लागतो. पण दार आहेच. मागच्या वर्षी मला एका साच्याजवळ ग्रीस जळाल्याचा वास आला. टिन रोलरचं बेअरिंग तापतंय असं मी सांगितलं. उत्तर मिळालं, स्क्रीनवर सगळं हिरवं आहे, तू तुझं काम कर. रात्री बेअरिंग जाम झालं, साचा पाळीभर बंद. रिपोर्टमधे लिहिलं, 'कामगाराने वेळेवर कळवले नाही.' सही मागितली. मी रिपोर्ट वाचला अन् सही दिली नाही. एक दिवसाचा पगार गेला. माझ्या आज्याला तो कागद वाचता आला नसता, त्यानं अंगठा दिला असता. दोघांत फरक एवढाच, पण तो फरक मला एका दिवसाच्या पगारापेक्षा मोठा वाटतो.

(४)

नुसता नकार देऊन थांबणं मला पटत नाही. मग आपली वाट कोणती?

पाली ग्रंथांत, दीघनिकायातल्या संगीतिसुत्तात, प्रज्ञेचे तीन प्रकार सांगितलेत. सुतमया, म्हणजे ऐकून मिळालेली. चिंतामया, म्हणजे स्वतः विचार करून मिळालेली. अन् भावनामया. इथं घोटाळा होतो. मराठीत भावना म्हणजे मन भरून येणं. पालीत भावना म्हणजे घडवणं, सरावानं अंगी आणणं. म्हणजे ऐका, विचारानं तपासा, अन् जगून अंगात मुरवा. यात वरची जागा कुणा एकासाठी राखलेली नाही. तोच माणूस ऐकतो, तोच तपासतो, तोच जगतो. साहेबांच्या त्रिकोणात मात्र एक आकडे भरतो, दुसरा विचार करतो, तिसरा ठरवतो. एका माणसाची वाट तोडून त्यांनी तिच्या जाती केल्या.

बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या निर्वाणानंतर, इंग्रजीत प्रसिद्ध झाला. सद्धम्म म्हणजे काय हे सांगताना ते जो क्रम लावतात तो मी पुन्हा पुन्हा वाचतो. आधी विद्या सगळ्यांना खुली पाहिजे. मग ते म्हणतात, नुसती विद्या पुरत नाही, प्रज्ञा पाहिजे. प्रज्ञाही पुरत नाही, तिच्यासोबत शील पाहिजे. शीलाबरोबर करुणा, अन् करुणेच्याही पुढं मैत्री. बघा, पहिलीच अट दाराची आहे. दार उघडं आहे का? ती पूर्ण झाल्याशिवाय पुढचं काही नाही. अन् शेवट शेंड्यावरच्या एकट्या माणसाशी होत नाही, मैत्रीशी होतो. म्हणजे तो क्रम जसजसा पुढं जातो तसतसा रुंद होतो. अॅकॉफच्या वारसांचा त्रिकोण वर निमुळता होत जातो. दोन संस्कृतींतला फरक मला इथं दिसतो. तो पूर्व-पश्चिम असा नाही, निमुळतं अन् रुंद असा आहे.

हे नुसतं ग्रंथातलं नाही. २ डिसेंबर १९९४ ला राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेनं पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांचे कागद, मस्टर रोल, लोकांसमोर मोठ्यानं वाचले. कागदावर जे होतं तो डेटा म्हणा. वर्षानुवर्षं सरकारी दप्तरात पडून होता अन् कुणाचंच ज्ञान झाला नव्हता. तो वाचला जाताच ज्यांना अक्षर येत नव्हतं ती माणसं उठली अन् म्हणाली, हा तर कामावर नव्हताच, एवढी मजुरी मला मिळालीच नाही. कागद न् अनुभव समोरासमोर आले अन् तिथं ज्ञान झालं. भर सभेत, सगळ्यांचं एकदम. त्या लढ्यातूनच पुढं २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा उभा राहिला.

(५)

आता शेवटचं, अन् ते आपल्या स्वतःबद्दल. रागावू नका.

आपल्या वस्तीत दर चौदा एप्रिलला प्रश्नमंजूषा होते. महाडचा सत्याग्रह कधी? १९२७. पुणे करार कधी? १९३२. धम्मदीक्षा कधी? १९५६. पोरं धडाधड सांगतात. बक्षिसं घेतात. मी पण घेतलीत. त्याच पोरांपैकी एक माझ्यासोबत ठेकेदाराकडं लागला. सात महिने त्याच्या पगारातून प्रॉव्हिडंट फंड कापला जात होता अन् खात्यात जमा होत नव्हता. त्याला महाडचं साल पाठ होतं, स्वतःची पगारपावती वाचायचं सुचलं नव्हतं. त्याला दोष कसा देऊ? आपणच त्याला बाबासाहेब पाठ करून दिले. घनपाठासारखे. फोनवर दिवसाला पन्नास 'क्रांतिकारी' मेसेज येतात न् पुढं ढकलले जातात. सुतमया तिथंच संपते. महाडला १९२७ साली काय झालं? बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क कागदावरून उचलून तळ्यावर नेला. मुंबईच्या विधिमंडळात पाणवठे खुले करण्याचा ठराव १९२३ सालीच झाला होता, महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. ती माहिती होती. माणसं चालत जाऊन ओंजळीनं प्यायली तेव्हा ते ज्ञान झालं. साल पाठ करणारानं हे विचारलं पाहिजे की माझ्या गल्लीतलं तळं कुठलं?

म्हणून एक सुचवतो. आमच्याकडं आम्ही सुरू केलंय, सहा-सात जण आहोत. रविवारी संध्याकाळी बुद्धविहारात बसतो. एकानं आपली पगारपावती आणायची. मोठ्यानं वाचायची. प्रत्येक ओळीला 'का' विचारायचं. ज्याला कायदा येतो त्यानं कायदा सांगायचा, ज्याला साचा येतो त्यानं साचा सांगायचा, बायांनी घरचा हिशेब सांगायचा. त्यानंतर अर्धा तास एखादं पुस्तक, एखादी कविता. तिलाही तोच प्रश्न, का? त्या पोराच्या फंडाचा अर्ज तिथंच लिहिला, त्यानंच लिहिला. अजून पैसे आलेले नाहीत. पण आता तोच दुसऱ्यांच्या पावत्या वाचून देतो.

साहेब पुन्हा येणार आहेत म्हणे, पुढच्या महिन्यात. तेव्हा मी हात वर करून विचारणार आहे, ती गळालेली पायरी कुठं ठेवलीत? तुमच्या तुमच्या कामावर असाच त्रिकोण भिंतीवर दिसला तर तुम्हीही विचारा. अन् काय उत्तर मिळालं ते या अंकाला लिहून पाठवा.

जय भीम.